"सगळं मनात ठेवलं म्हणून ब्रेस्ट कॅन्सर झाला" – असं खरंच असतं का?

रेवती_महाल

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या जाऊबाईंना ब्रेस्ट कॅन्सर निघाला आहे. वय ५२. उजव्या बाजूला गाठ, बायोप्सी झाली, आधी केमो आणि मग ऑपरेशन असं ठरलंय. उपचारांबद्दल काही विचारायचं नाही. डॉक्टर चांगले आहेत, नीट समजावून सांगतात.

विचारायचंय ते वेगळंच. रिपोर्ट आल्यापासून घरी पाहुण्यांची रीघ लागली आहे आणि येणारा प्रत्येक जण तेच बोलून जातो. "हिनं कधी तोंड उघडलं नाही. सगळं गिळलं. ते आत साचलं अन् त्याचीच गाठ झाली." मोठ्या वन्सं तर परवा त्यांच्या तोंडावरच म्हणाल्या की बाई, जरा रडली-भांडली असतीस तर ही वेळ आली नसती. जाऊबाई शांत आहेत हे खरं. नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, एकत्र कुटुंब, सासूबाईंचा दरारा, मध्ये भासऱ्यांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, दुकान बुडालं, ते सगळं त्यांनी मुकाट्यानं काढलं हेही खरं. पण आता भासरे सासूबाईंशी बोलत नाहीत, सासूबाई देवघरातून बाहेर येत नाहीत, आणि जाऊबाई रात्री मला हळूच विचारतात, "माझ्या स्वभावानं झालं का गं हे?"

मला त्यांना खरं उत्तर द्यायचंय. धीर द्यायला म्हणून काहीतरी ठोकून दिलेलं नको. स्वभावाचा आणि ताणाचा या आजाराशी काही संबंध आहे का?

तर्रीपोहे

माझी मावशी. इतवारीतल्या भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत कोणाला तिनं बोलायचं सोडलं नाही. काही मनात ठेवणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. तिला ४९ व्या वर्षी झाला. आता ठणठणीत आहे अन् आवाजही तसाच आहे. वन्संना पाठवा एकदा तिच्याकडे.

वैनगंगा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आम्ही भंडाऱ्याचे. बाबा अपघातात गेले. आई रडली नाही, तेराव्याला आलेल्यांना स्वतः वाढत होती. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात तिला गाठ निघाली. तोवर तिला साधा बीपीसुद्धा नव्हता. तो ताण मी रोज बघितला आहे, कोणी कितीही आकडे दाखवले तरी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं मी कसं नाकारू? मन आणि शरीर वेगळं नसतं, हे आपल्याकडे पूर्वापार सांगितलंय.

स्लाइडवाचक

मी नागपुरातच पॅथॉलॉजीत आहे, बायोप्सीचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघणं हे रोजचं काम. रेवतीताई, जाऊबाईंना सरळ सांगा: नाही, तुमच्या स्वभावानं झालेलं नाही. आता कारणं लिहितो, जरा लांबेल.

वैनगंगाताई, तुमच्या आईच्या ताणाबद्दल मला शंका नाही. पण काळाचा हिशोब बघा. एक सेंटिमीटरच्या गाठीत अंदाजे १०० कोटी पेशी असतात. पहिली पेशी बिघडल्यापासून तिथवर पोहोचायला बहुतेक वेळा काही वर्षं गेलेली असतात. म्हणजे बाबा गेले त्या दिवशी ती गाठ आईच्या शरीरात असण्याचीच शक्यता जास्त, फक्त हाताला लागत नव्हती.

स्वभावाची गोष्ट फार जुनी आहे. दुसऱ्या शतकातल्या गेलेन नावाच्या वैद्यानं लिहून ठेवलं होतं की उदास प्रकृतीच्या बायकांना हा रोग जास्त होतो. आपल्या काळात १९७५ मध्ये लंडनच्या ग्रीअर आणि मॉरिस यांनी गाठ घेऊन आलेल्या १६० बायकांशी बायोप्सीच्या आधी बोलून अभ्यास केला. ज्यांना कॅन्सर निघाला, त्यांच्यात राग अति दाबणाऱ्या बायका जास्त दिसल्या. तिथून "टाइप सी" स्वभाव ही कल्पना पसरली: गोड बोलणारी, सोसणारी, स्वतःचं काही न मागणारी बाई. पण १६० हा आकडा लहान. शिवाय या सगळ्या जणी छातीत गाठ आहे हे कळल्यावर मुलाखतीला बसलेल्या. त्या घाबरलेल्या मनाची उत्तरं म्हणजे तिचा जन्मभराचा स्वभाव असं कसं धरायचं?

खरी परीक्षा अशी असते: आधी हजारो निरोगी माणसांना प्रश्न विचारून उत्तरं बंद करून ठेवायची, वर्षानुवर्षं थांबायचं, आणि कोणाला कॅन्सर झाला ते नोंदणीतून बघायचं. स्वीडन आणि फिनलंडमध्ये जवळपास ६०,००० लोकांवर हे केलं, २०१० मध्ये छापून आलं. स्वभाव आणि कॅन्सर यांचा संबंध सापडला नाही. जपानमध्ये ३०,००० वर लोकांचा अभ्यास झाला, त्यातही स्वभावानं धोका वाढल्याचं दिसलं नाही.

पुस्तकी_किडा_बर्डी

यात आयसेंकचं नाव यायलाच हवं. हान्स आयसेंक, लंडनचे अतिशय प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ. ग्रोसार्थ-माटिचेक या सहकाऱ्याबरोबर त्यांनी निबंधामागून निबंध छापले की अमुक स्वभावाच्या माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त. आकडे इतके मोठे होते की त्याच काळात अनेकांनी शंका घेतली. पुढे त्यांना सिगारेट कंपन्यांकडून पैसे मिळत होते हेही उघड झालं. कॅन्सर स्वभावानं होतो म्हटलं की सिगारेट सुटली ना! २०१९ मध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीनं त्यांचे २६ निबंध विश्वास ठेवण्याजोगे नाहीत असं ठरवलं. पाहुण्यांच्या तोंडी जे वाक्य आज आहे, त्याला वजन कुठून आलं ते लोकांना माहीतच नाही.

वैनगंगा

स्वभावाचं सोडा मग. ताणाचं काय? फिनलंडचाच एक अभ्यास मी वाचलाय, नवरा गेलेल्या आणि घटस्फोट झालेल्या बायकांमध्ये हा कॅन्सर जास्त निघाला होता. तुम्ही हवे तेवढेच अभ्यास सांगताय का?

स्लाइडवाचक

रास्त प्रश्न आहे. तो २००३ चा अभ्यास, १०,८०८ बायका, आणि धोका वाढलेला दिसला हे बरोबर. पण कॅन्सर झालेल्या त्यात १८० होत्या. त्यातल्या पुन्हा नवरा गेलेल्या किती आणि घटस्फोट झालेल्या किती, असे भाग पाडत गेलं की हातात मूठभर उरतात. २००५ मध्ये कोपनहेगनच्या अभ्यासात तर उलटं आलं, जास्त ताण असलेल्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर कमी! म्हणून कोणी ताण वाढवा असं सांगणार नाही, पण लहान आकड्यांचा लंबक कसा दोन्हीकडे जातो ते बघा. मग २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या १,०६,००० बायकांचा अभ्यास आला. मागच्या पाच वर्षांत किती ताण होता, घरात मृत्यू, घटस्फोट, आजारपण, सगळं विचारलं होतं. वारंवार ताण असलेल्यांमध्ये धोका वाढलेला दिसला नाही. नोकरीतल्या ताणाबद्दल युरोपातल्या १,१६,००० लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यातही ब्रेस्ट कॅन्सरशी संबंध नाही.

मात्र ताणाला पूर्ण मोकळं सोडता येत नाही. ताणात माणूस खातो, हालचाल थांबवतो, काही जण दारूकडे वळतात. पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन आणि दारू, ही दोन्ही या कॅन्सरची पक्की कारणं आहेत. झालेला कॅन्सर ताणानं पसरतो का, यावर उंदरांमध्ये काम झालंय आणि तिथे पसरण्याचा वेग वाढलेला दिसलाय. माणसांत तसं म्हणण्याइतका पुरावा आज नाही.

नाइट_ड्यूटी

मी स्टाफ नर्स आहे, जन्म गेला रात्रपाळीत. आमच्या ड्यूटी रूममध्ये हा विषय नेहमी निघतो. रात्रपाळीचं खरं आहे ना?

स्लाइडवाचक

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला "बहुधा कॅन्सरकारक" गटात ठेवलंय. यात मनाच्या ताणापेक्षा झोपेचं घड्याळ बिघडणं आणि रात्रीचा उजेड यांचा विचार जास्त आहे. पाळी बदलून मिळत असेल तर घ्या. नसेल मिळत तर घाबरून नोकरी सोडू नका, दरवर्षी तपासून घ्या.

बजाजनगर_बाबू

म्हणजे सासूवर केस टाकता येत नाही तर! आमच्या घरात तीन सासवा आहेत, हा धागा वाचून तिघींनी चहा ठेवला.

मानेवाडा_मामी

बाबू, तीन सासवा कशा काय रे? आधी ते सांग.

बजाजनगर_बाबू

बायकोची आई, तिची आई, अन् माझ्या बायकोची सासू म्हणजे माझी आई. सगळ्या एकाच फ्लॅटमध्ये. ताणाबद्दल कोणाला शंका असेल तर या चहाला.

कूलरवाली

मी इथे सहसा लिहीत नाही. आज लिहिते, कारण रेवतीच्या जाऊबाई रात्री जो प्रश्न विचारतात तो मी पण विचारला होता.

माझी केमो ऐन मे महिन्यात होती. नागपूरचा मे काय असतो ते सांगायला नको. डोक्यावर केस नाहीत, स्कार्फ बांधला की पाच मिनिटांत ओला, म्हणून घरात उघड्या डोक्यानं कूलरसमोर बसायची. ओल्या खसाचा वास एरवी किती आवडायचा, त्या दिवसांत त्यानंही मळमळायचं. तोंडात सतत लोखंडाची चव. पाणीसुद्धा गंजलेल्या नळाचं वाटायचं. आणि मोबाइलवर दिवसभर व्हिडिओ: हसत राहा, सकारात्मक राहा, कॅन्सर मनानं हरवता येतो. एकदा दुपारी रडू आलं तर आई घाबरून म्हणाली, "रडू नको बाळा, पेशी ऐकतात." तिनं मायेनंच म्हटलं. पण त्यानंतर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. रडून मी कॅन्सर वाढवते आहे असं मला वाटायचं. विचार करा, एक तर आजार, वरून तो माझ्याच रडण्यानं वाढतोय ही भीती!

शेवटी समुपदेशक ताईंनी बसवून सांगितलं. १९८९ मध्ये स्पीगल नावाच्या डॉक्टरांच्या अभ्यासात पसरलेला कॅन्सर असलेल्या ८६ बायका होत्या. त्यांतल्या ज्या गटात बसून मन मोकळं करायच्या त्या जास्त जगल्या असं दिसलं, आणि जगभर आशा पसरली. मग कॅनडात २३५ बायकांवर तसंच करून बघितलं, २००१ मध्ये निकाल आला. आयुष्य वाढलं नाही. पण बायकांना बरं वाटलं, दुखणं कमी जाणवलं. ताई म्हणाल्या, "म्हणजे मन मोकळं करायचं ते तुला बरं वाटावं म्हणून. जगण्याची परीक्षा म्हणून नाही. रडायचं तर रड." त्या दिवशी मी आईसमोर रडले आणि आईपण रडली, आणि संध्याकाळी आम्ही दोघींनी खूप दिवसांनी भेळ खाल्ली.

रेवती, पाहुण्यांना दारातच थांबव. खरंच सांगते. "तू सोसलंस म्हणून झालं" यात प्रेम असेल, पण आजारी बाईला त्यात एवढंच ऐकू येतं की चूक माझी आहे.

मानेवाडा_मामी

+१००. आमच्याकडे तर वेगळीच तऱ्हा. नणंदेला झाला तेव्हा "काळी ब्रा घालते म्हणून", "डिओ मारते म्हणून". अन् सगळ्यात घातक म्हणजे "सुई लावू नको, सुई लावली की पसरतो". त्या सुईच्या भीतीपायी तिनं बायोप्सी कितीतरी महिने लांबवली.

स्लाइडवाचक

मामी, सुईचं लिहिलंत ते फार बरं केलंत. सुईनं पसरतो ही भीती सोडा. बायोप्सीशिवाय कुठला प्रकार आहे, हार्मोनचं औषध लागू पडेल का, हर-टू नावाचं प्रथिन पेशींवर जास्त आहे का, काहीच कळत नाही. उपचार अंधारात करावे लागतील. ब्रा आणि डिओचं निराधार आहे.

आशा_काटोल

मी आशा सेविका हाव जी, काटोल तालुक्यात. धागा वाचून राहिली होती, आता राहवत नाही म्हणून लिवतो.

तिशीच्या वरच्या बायांचा फॉर्म भरा लागते आमाले. त्यात विचाराचं असते, छातीत गाठ हाय का, बोंडीतून रक्त येते का. दहाच्या दहा बाया नाही म्हणतेत. नवरा खाटेवर बसला असते, पोरं फिरून राहिली असतेत, कोण हो म्हणन? मांगच्या साली एक बाई, साठीची. घरात गेली की अगरबत्तीचा वास. मले वाटे देवाचं काही असन. एक दिवस ते पाटावर बसली अन् पदर सरकला तं आतून हळद लावलेलं कापड. गाठ फुटली होती. वास येऊ नये म्हणून अगरबत्ती. म्या विचारलं मावशी, सांगितलं काऊन नाही? म्हणे, "दुखत नोती ना बाई. अन् सोयाबीन काढाचं होतं."

तं माह्यं म्हणणं असं हाय, मनात ठेवल्यानं गाठ होत नाही, डॉक्टरसाहेब सांगून राहिले ते बराबर. पण गाठ मनात ठेवली का बाई जाते. शांत बाई उशिरा येते. तेवढं तं स्वभावाचं हायच.

स्लाइडवाचक

आशाताई, तुमची पोस्ट वाचून थांबलो काही वेळ. धाग्याचा मूळ प्रश्न तुम्ही नेमका धरलात. माझ्याकडे जे तुकडे येतात त्यात पुढच्या टप्प्यातले खूप असतात, आणि "किती दिवसांपासून?" या रकान्यात "एक वर्ष" लिहिलेलं असतं. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणूनच फसवते.

तुमच्यासारख्यांच्या कामाचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी फक्त हातानं स्तन तपासायच्या, मॅमोग्राफी नाही. २०२१ मध्ये निकाल छापला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. भारतात २०२२ मध्ये या कॅन्सरचे अंदाजे १,९२,००० नवे रुग्ण आणि ९८,००० मृत्यू होते. त्या मृत्यूंमागे उशीर किती मोठा आहे ते आम्ही रोज बघतो.

धंतोलीकर

पुरुषांनीही वाचा रे. माझ्या काकांना झाला होता. निप्पल आत ओढलं गेलं तरी लाजेपायी कोणाला दाखवलं नाही. एकूण रुग्णांत पुरुष अर्धा ते एक टक्का असतात, पण असतात.

रेवती_महाल

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंत! काल जेवणं झाल्यावर भासऱ्यांना, सासूबाईंना आणि जाऊबाईंना एकत्र बसवून स्लाइडवाचकांची आणि कूलरवाली ताईंची पोस्ट वाचून दाखवली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण आज सकाळी देवघर सोडून स्वयंपाकघरात आल्या आणि जाऊबाईंसाठी स्वतः शिरा केला. भासरे अजून गप्प आहेत. त्यांना वेळ लागेल.

जाऊबाईंनी मला सांगितलं की गाठ त्यांना दिवाळीच्या आधीच लागली होती. दिवाळीचं काम होतं, मग लग्नसराई. आशाताई, तुम्ही म्हणता तसंच झालं.

आणखी एक. त्यांची मुलगी २६ वर्षांची आहे. जाऊबाईंच्या मावशीलाही हाच आजार होता. मुलीनं काय करायचं?

स्लाइडवाचक

साधारण ५ ते १० टक्के ब्रेस्ट कॅन्सर वारशानं येतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यातली मुख्य जनुकं, आणि ती बापाकडूनही येतात, त्यामुळे आजोळबरोबर वडिलांकडचंही विचारायचं असतं. इथे आधी जाऊबाईंचीच जनुकीय चाचणी करावी का ते ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. त्यांच्यात दोष सापडला तरच मुलीची करायची. नाही सापडला तरी मावशी आणि आई धरून मुलीची तपासणी कधीपासून सुरू करायची ते तेच सांगतील. तोवर मुलीला एवढं सांगा: काहीही वेगळं जाणवलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं, सण असो नाहीतर परीक्षा.

आणि घरात हेही कळू द्या की वय आणि बाई असणं याखेरीज कुठलंच ठळक कारण नाही, असे जवळपास निम्मे रुग्ण असतात. पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, पहिलं मूल उशिरा होणं यानं धोका थोडा वाढतो, अंगावर पाजल्यानं थोडा कमी होतो. यातलं कुठलं कोणाच्या हातात होतं? दोष द्यायला माणूस शोधू नका.

नाइट_ड्यूटी

खर्चाचं कोणाला अडत असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. दाखल होताना हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

वैनगंगा

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आईच्या बाबतीत माझं मन अजून पूर्ण मानत नाही. पण गाठ बाबांच्या आधीपासून असेल हे वाचून एक गोष्ट सुटली. इतकी वर्षं मला वाटायचं की त्या तेराव्याला मी तिला रडू द्यायला हवं होतं, मी जवळ बसायला हवं होतं, मग वाचली असती. तिला रडू द्यायला हवं होतं हे आजही वाटतं. पण ती त्यामुळे गेली नाही.

रेवती, तुमच्या जाऊबाईंची केमो कुठे आहे? जामठ्याला असेल तर मी तिथून जवळच राहते. डबा आणून देईन, दिवसभर बाहेर बसायला सोबतही होईल.

रेवती_महाल

हो ताई, जामठ्यालाच, येत्या मंगळवारपासून. फोडणीचा वास त्यांना आत्ताच नकोसा झालाय. मऊ भात आणि मुगाचं वरण चालेल, हिंग न घालता. मी तुम्हाला मेसेजमध्ये नंबर पाठवते. आणि मोठ्या वन्सं मंगळवारी यायच्या म्हणत होत्या, त्यांना मी केमो होईपर्यंत महालातच थांबायला सांगितलंय.